इन्साफनं मला बरा म्हटलं

आदरणीय अतियातताई,

सलाम. तुझे गुडघे, भावजींची साखर, नातवाचे दात आणि गच्चीवरची कबुतरं, सगळं खुशाल असेल अशी आशा आहे. माझ्या तब्येतीचं विचारू नकोस. तेच सांगायला बसलोय.

हृदयाचा झटका येऊन चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे, रोज समुद्रावर फिरायला जा. (त्यांचं काय जातंय? हृदय माझं, समुद्र सरकारचा.) मी दोन-तीन पायऱ्या उतरतो, नाडी बघतो आणि परत वर येतो. तरी आजवर एक आधार होता. आपली रीत तुला ठाऊकच आहे: चांगलं ते चारचौघांत बोलायचं नाही, दृष्ट लागते. आमचा मुलगा हानी परीक्षेत पहिला आला तेव्हा आपण महिनाभर "कसाबसा पास झाला" म्हणत हिंडलो होतो. तशी इन्साफ दारात येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "काय सांगू बाई, अन्न जात नाही, रंग बघा लिंबासारखा झालाय." आत पलंगावर ते ऐकून मला इतकं बरं वाटायचं, की मी कोशरीची दुसरी थाळी मागायचो. बायको एवढं वाईट बोलतेय म्हणजे तब्येत नक्की उत्तम.

परवा घात झाला. वरच्या मजल्यावरची उम्म शौकी आली. (ही नुसतं "छान" म्हणाली तरी फ्रिज बंद पडतो.) तिनं माझी चौकशी केली आणि इन्साफ म्हणाली, "एकदम बरे आहेत, अल्लाहची कृपा. घोड्यासारखे!"

ताई, माझ्या पायाखालची जमीन सरकली. उम्म शौकीपुढं! अगं, दृष्ट लागायलाही माणसात काहीतरी शिल्लक असावं लागतं. डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय. तेव्हापासून घास उतरत नाही, डोळा लागत नाही. (पितळी हंडा तू घे.) मला भीती वाटते, ताई. खरंच वाटते.

तुझा धाकटा भाऊ,
लुत्फी

ता. क. : इन्साफला फोन करून डॉक्टर काय म्हणाले ते काढून घे. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस.

ता. क. २ : कळलं. चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. आधी हसली, मग रडायलाच लागली. म्हणाली, "अहो, चार महिने सगळ्यांना तुमचं वाईटच सांगतेय. सांगता सांगता मलाच ते खरं वाटायला लागलं. एकदा तरी मोठ्यानं 'बरे आहेत' असं म्हणून बघायचं होतं. नेमकी दारात उम्म शौकी उभी, त्याला मी काय करू?" आम्ही दोघं हात धरून समुद्रापर्यंत जाऊन आलो.

ता. क. ३ : आता ती घाबरलीय. दृष्ट उतरवायला उम्म शौकीच्या नावाची कागदी बाहुली सुईनं टोचून जाळली आणि घरभर धूप केलाय. मला खोकला येतोय. छातीचा एखादा चांगला डॉक्टर तुझ्या ओळखीत आहे का?