जठारपेठेतला दवाखाना बंद केला

आई, जठारपेठेतला दवाखाना मी बंद केला. दोन महिने झाले. आता अमरावतीला मुलांच्या हॉस्पिटलात नोकरी करते, हजेरी लावून, ठरलेल्या ड्यूटीप्रमाणे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तुला नको होती तीच गोष्ट मी केली.

एम.डी. झाले तेव्हाही अमरावतीहूनच नेमणुकीचं पत्र आलं होतं. तू सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डातली ड्यूटी संपवून नुकती आलेली. नर्सची पांढरी साडी अजून अंगावरच आहे, ओट्याशी उभी राहून तू भाकरी थापते आहेस. मी पत्र वाचून दाखवते. तुझे हात थांबत नाहीत. "काहून पायजे तुले नोकरी?" तू म्हणतेस. "मी तीस वर्षं नोकरीच केली. सायेब आले, उभी राय. चूक त्याची, आयकून घ्यायचं मी. याच्यासाठी शिकोलं काय तुले? सोताचा दवाखाना टाक. तुह्या खुर्चीवरून तुले कोनी उठवलं नाही पायजे." मी काही बोलायच्या आत तू गरम भाकरी माझ्या ताटात टाकलीस. विषय संपला.

मग दवाखाना झाला. तपासायच्या टेबलापुढचा हत्तीच्या चित्रांचा पडदा तू शिवून दिलास. रिटायर झाल्यावर रोज संध्याकाळी येऊन बाहेरच्या खोलीत बाळांची वजनं करायचीस आणि त्यांच्या आयांना झापायचीस, "उन्हाळ्यात लेकराले एवढं गुंडाळून काहून आनलं वं?" मी आत हसू दाबत बसायची. जेमतेम दोन वर्षं मिळाली आपल्याला. नंतर कितीतरी संध्याकाळी बाहेर कुणी मोठ्यानं बोललं की मी मान वर करायची.

दवाखाना चांगला चालला, हे तुला सांगायला हवं. सर्दी, ताप, लसी. पण जास्त आजारी मूल आलं की चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. पुढे त्याचं काय झालं, ते क्वचितच कळायचं. नोकरीत असताना तू साहेबांना नावं ठेवत घरी यायचीस, पण एखाद्या दिवशी खाटेवरचं मूल बरं झालं की दारातूनच सांगायचीस, "आज नऊ नंबर घरी गेला!" त्या दिवशी तुझ्या हातची भाजीसुद्धा वेगळी लागायची. ते आठवून मला तुझा हेवा वाटायचा.

यंदा हिवाळ्यात मूर्तिजापूरकडची एक बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. न्यूमोनिया होता, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मी चिठ्ठी लिहिली, ऑटो बोलावला. ऑटोत बसता बसता बाई म्हणाली, "मॅडम, तुमी नाई येत काय आमच्यासंगं?" आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. मी शटर ओढलं आणि तिच्या शेजारी बसले. मुलीला सरकारी दवाखान्यात, तुझ्याच जुन्या वॉर्डात भरती केलं. संध्याकाळपर्यंत मी तिथेच होते. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्याही. पाचव्या दिवशी ती पोरगी आईच्या कडेवर बसून, माझ्याकडे न बघता, बिस्किट खात घरी गेली. घरी येऊन मी अमरावतीच्या नोकरीसाठी अर्ज लिहिला.

सगळ्यांना मी हेच सांगत आले, की आईच्या हट्टापायी दवाखाना टाकला. आज तुला खरं सांगते. शिकत असताना वॉर्डात एक बाळ माझ्या हातात गेलं होतं. माझी चूक नव्हती, सर तसं म्हणाले, पण त्यानंतर मला जास्त आजारी मुलांची भीती वाटायला लागली. नेमणुकीचं पत्र वाचतानाही मला तेच बाळ आठवत होतं. तू नको म्हणालीस आणि मी सुटले. वाद घालायचा होता, असं नंतर लोकांना सांगितलं, घालायचा नव्हता. तू नर्स होतीस, तुला एका वाक्यात कळलं असतं. तरी ते वाक्य मी तुझ्याजवळ कधी बोलले नाही.

भीती अजून आहे. पण आता मूल घरी जाईपर्यंत मी थांबते.

काल वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलं, "मॅडम, एवढी वर्षं नोकरी काहून नाही केली?"

"आई नाही म्हणाली," मी म्हणाले. कालसुद्धा.