दारातला घास

सोंगकुल तलाव, उन्हाळी कुरण

प्रिय आई,
मी मजेत आहे, घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस पिऊन गाल वर आलेत. तुझे गुडघे कसे आहेत?

काल वादळ चढून आलं. काळ्या ढगांखालून तलावावर सोनेरी उजेड पडला. कॅमेऱ्याचं स्टँड टेकडीवर उभं करून मी कॅमेरा आणि भिंग आणायला तंबूत धावले. परत निघाले, तर तंबूची मालकीण बुरुलचाआजी दारात आडवी उभी!
"रोटी चाखल्याशिवाय माझ्या घरातून कुणी जात नाही."
"आजी, उजेड जाईल!"
"उजेड काय, उद्याही येईल. घास खा."
घास तोंडातच होता, तोच स्टँडवर वीज पडली.

बाबांना मात्र स्टँड वाऱ्याने पडलं असंच सांग.

सोबतच्या फोटोत वीज नाही, रोटी धरलेला आजीचा हात आहे. तो आपल्या दाराशी लाव.

यापुढे घास खाऊनच निघणारी तुझी,
अनारकुल