डावीकडचं बघणारी गाडी

१४ सप्टें., रवि.
गेटच्या खांबाला गाडी घासली, त्याचा हिशोब. आरसा फुटला, दरवाजा चेपला. गॅरेजवाल्याने दोन्ही नवे बसवले, ते भरून निघालं. शैला मात्र तेव्हापासून मागच्या सीटवर बसते. नवरा पुढे, बायको मागे. वॉचमन सलाम करताना हसतो.
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डावीकडचं गेलंय ते परत येणार नाही. थेंब घाला, गाडी चालवणं सोडा. बरं म्हणालो. बाहेर येऊन गाडी काढली नि घरी आलो. शैला रिक्षाने आली.
वाईट वाटायला हवं होतं. जेवलो, झोपलो.

१७ सप्टें.
"अहो, ड्रायव्हर ठेवा." रोज एकदा.
एके काळी सरावलीच्या खोलीत राहून हेल्परकी करत होतो. मालकाचा टेम्पो हातात आला तिथून पुढचं सगळं. आता स्वतःच्याच वर्कशॉपला मागे बसून जायचं?
हल्लीच्या भारी गाड्या म्हणे स्वतः बघतात, स्वतः ब्रेक मारतात. डावीकडचं बघणारी मिळाली तर प्रश्न मिटला. ठाण्याच्या शोरूमला फोन केला. घरी आणून दाखवतात.

२१ सप्टें., रवि. पांढरी.
सेल्समन सलील. गोड बोलतो. हायवेला झकास. स्टिअरिंग आपोआप वळतं, कुणी मनगट धरल्यासारखं. पुढच्या गाडीपासून अंतर राखते. पण त्या अंतरात बाइकवाला घुसला, ही मागे सरली. मग टेम्पो घुसला, ही आणखी मागे. या हिशोबाने घर यायचं नाही. बोईसर रोडला पांढरे पट्टेच आखलेले नाहीत, तिथे मुकी.
बाजूला कुणी आलं की आरशात दिवा लागतो. सलील म्हणाला, "सर, लेफ्टच्या आरशात बघा, लागला."
छान, म्हणालो. लागला असेल.

२४ सप्टें. काळी.
हिची सीट थरथरते. डावीकडून कुणी आलं तर डावी मांडी. हे आपल्या कामाचं. मुद्दाम एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या वेळी नेली. सायकली, रिक्षा, पायी माणसं. दोन्ही मांड्या थरथरत राहिल्या, वर किंचाळणं वेगळं. मग एका रिक्षाला घाबरून भर रस्त्यात कचकन थांबली. मागचा टँकरवाला उतरून आला. "चाचा, सो गये क्या?" म्हटलं, "मैं नहीं, गाड़ी कुछ ज़्यादा ही जाग रही है." हसला, गेला.
परत आल्यावर सलील गेटबाहेर फोनवर. हळू बोलत होता, पण माझे कान शाबूत आहेत. "अंकल को लेफ्ट में दिखता नहीं शायद, पर गाड़ी ले लेंगे."
आत आला तेव्हा चहा दिला. बिस्किटंही. राग शोधला, सापडला नाही.

२ ऑक्टो., दसरा. निळी.
दातिवऱ्याच्या हरेश्वरने घेतली. बर्फाचा कारखाना आहे त्याचा, मोटरी दुरुस्तीला आपल्याच वर्कशॉपला येतात. पूजेला बोलावलं होतं. पुढच्या जाळीवर दंडाएवढा झेंडूचा हार, मध्ये नारळ बांधलेला. काचेवर वर मधोमध देवीचा फोटो.
"भाऊ, तुमीच चालवा पयली. आई पुढं बसलीय, भ्यायचं नाय."
तो नि त्याची बायको मागे बसली, म्हणून शैलाला पुढे यावं लागलं.
चालू करताना इंग्रजीत एक पिवळी ओळ आली. हरेश्वर म्हणाला, "सकाळपासनं येते ती. ओके दाबा, जाते." दाबलं, गेली.
शिरगावच्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत. एक बीप नाही, धक्का नाही, किंचाळणं नाही. शैला वरचं हँडल धरून बसलेली. उतरल्यावर सगळ्यांसमोर म्हणालो, "बघ. गाडीला एकदा तरी टोकावं लागलं का? इतकी स्वच्छ चालवतो मी अजून." हरेश्वरने टाळी दिली.
हीच घ्यायची.

५ ऑक्टो.
निळीच्या शोरूमला कळवलं. शैला ड्रायव्हरचं आता काढत नाही. काल बाजारात जाताना आपणहून पुढे बसली.
आनंद व्हायला…

९ ऑक्टो.
हरेश्वरचा फोन. हार सुकला म्हणून काढला, तर गाडीला एकदम वाचा फुटली. पिवळी ओळ तरी रोज येतच राहिली. शोरूमचा माणूस आला. म्हणाला, रडार जाळीच्या मागे असतं, त्यावर तुम्ही हार चढवलात. कॅमेरा देवीच्या फोटोमागे झाकला गेलाय. दसऱ्याला पुढचं काहीच चालू नव्हतं, ओळ तेच सांगत होती.
"म्हंजे भाऊ, तुमी एकट्यानं चालवली! मानलं तुमाला!" हसत सुटला. मीही हसलो.
निळीवाला उद्या सही घ्यायला येणार आहे. येऊ नको म्हणून सांगितलेलं नाही. ये असंही नाही.
शैला मेथी निवडत होती. तिला सांगितलं. हात थांबला तिचा.
"मला वाटलं, गाडीने बघितलं तिला. टक्कर होत नाही म्हणून ओरडली नाही."
"कुणाला?"
शैलाने सांगितलं. दसऱ्याला शिरगावच्या वळणावर डावीकडून एक बाई सायकलवर येत होती, मागे मूल. आपण थांबत नाही बघून तीच उतरली आणि गटाराच्या कडेला सायकल धरून उभी राहिली.