कबड्डीची अंगाई

बदनापूर, रविवार, १२ डिसेंबर १९७६

पोरगी झाल्यापासून आज पहिल्यांदाच मैदानावर गेल्तो. पाय तेच हायेत, पण ती चाल?

आमचा कप्तान दत्तू, त्यानं पहिलीच चढाई मला दिली. रेघ ओलांडली अन् "कबड्डी, कबड्डी" सुरू केलं. पण कसं? हळू, लांबवून, पाळण्याची दोरी ओढताना म्हणतो तसं. मला अंगाई येत न्हाई, म्हणून छकुलीला रोज हेच म्हणून झोपवतो. तीच चाल जिभेवर बसली. समोरचे हसले, मी गडबडलो, अन् त्यांनी धरून पाडलं.

दत्तू म्हणाला, "मास्तर, चढाईला गेल्ते का पोर झोपवायला?"

चिडून बाहेर आलो. छकुलीला घेऊन खेळ बघायला आलेल्या बायकोला, सुमनला, म्हणालो, "चल घरी. आपल्यानं आता व्हायचं न्हाई."

तिनं पदर जरा बाजूला केला. एवढ्या गलक्यात छकुली तिच्या खांद्यावर गाढ झोपलेली.

"तुमचा आवाज ऐकला अन् डोळे मिटले," सुमन म्हणाली. "जा, खुशाल खेळा."

मंग परत बारी आली. पंच म्हणाले, "आवाज मोठा करा, मास्तर." कसा करणार? पोरगी झोपली होती.