दाराजवळच्या वाटीबद्दल

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचा, आज पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसून हे लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हात थोडा कापतो, पण तो वयामुळे, कोणाच्या धाकामुळे नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी आजवर शर्टाची कॉलरसुद्धा वेगळी दाबलेली नाही, मग हे तर मृत्युपत्र आहे. वकीलबाईंनी मला एक मसुदा करून दिला होता. सुबक होता. पण तो वाचून माझा कोणावर राग आहे असे कोणालाही वाटले नसते, म्हणून त्यांच्याच कलमांच्या चौकटीत मी स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहायला घेतले. त्यांनी ते तपासले आहे. "कायद्याला चालेल," त्या म्हणाल्या, "नातेवाइकांना चालेल का, ते मी सांगू शकत नाही."

कलम १. घर

दुसऱ्या मजल्यावरचे हे राहते घर, तीन खोल्या, मागची गॅलरी आणि जिन्याखालच्या लाकडी कपाटासह, मी माझ्या मुलीला देते. ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. मिस्टरांनी आजारपणात तसे करून ठेवले. मुलाचा या घरात हिस्सा नाही. हे वाचताना त्याच्या कपाळावर आठी येईल. बाळा, आठी राहू दे, पण कलम चारपर्यंत पोहोच.

कलम २. दुकान

कोपऱ्यावरचे दुकान, धुलाईची यंत्रे, इस्त्र्या, लांब टेबल आणि गिऱ्हाइकांचा विश्वास हे सारे मुलाचे. त्याचा हात चांगला आहे. चुण्यांच्या झग्याची एकही चुणी तो चुकवत नाही. मी रागावलेली असले तरी आंधळी नाही.

अट एवढीच, की माझ्याबरोबर इस्त्री करणाऱ्या मावशींना त्यांची इच्छा असेपर्यंत कामावरून काढू नये. आणि शिंपडायच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात. झाकणाला भोके पाडलेल्या आमच्या बाटल्या सगळ्या सारख्या दिसतात. एकीत साधे पाणी, दुसरीत पातळ खळ. चिठ्ठी नसली की काय होते, तेही कलम चारमध्येच आहे.

कलम ३. वाटी

दाराच्या उजव्या हाताला खिळ्यावर टांगलेली पांढऱ्या चिनी मातीची वाटी, जिच्या मागे एक देवदूत उभा आहे आणि त्याचा डावा पंख चिकटवलेला आहे, ती मी मुलीला देते. मला ती माझ्या आईने लग्नात दिली. पंख कोणी तोडला ते मुलाला माहीत आहे.

शेजाऱ्यांना ती शोभेची वस्तू वाटते. ती कामाची वस्तू आहे. चर्चमधून आशीर्वाद दिलेले पाणी आणून ती भरायची आणि घरात येता-जाता बोटाचे टोक बुडवून अंगावर क्रूसाची खूण करायची. एवढेच. मुलांना ताप आला की कपाळावर, परीक्षेला निघाली की केसांच्या भांगात, पहिली स्कूटर आणली तेव्हा तिच्या चाकांवर हेच पाणी. नवी इस्त्री आली तेव्हा मी तिच्यावरही शिंपडायला गेले, तर मिस्टर म्हणाले, "अगं, ती विजेची आहे. देवाचा आशीर्वाद मागतेस की थेट त्याच्याकडं निघालीस?" त्यांच्याशी कडाकडा भांडून मी दुकानात निघाले, तरी बोट आधी वाटीत जायचे, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर निम्मे भांडण उरलेले असायचे.

पाणी कमी झाले तर साधे घालता येते, मात्र आहे त्यापेक्षा कमी. जुने झाले तर बेसिनमध्ये ओतू नये, कुंडीत ओतावे. आणि वाटीत स्कूटरची चावी ठेवू नये. मी हॉस्पिटलात होते तेव्हा मुलाने ठेवली होती. "कोरडीच तर होती," तो म्हणाला. कोरडी होती, कारण भरायचे काम त्याच्यावर सोपवले होते.

कलम ४. घर मुलालाही का नाही

माझी मुलगी सासर सोडून आली, कारण नवरा हात उचलायचा. त्याने दुसऱ्यांदा उचलल्यावर ती निघाली. मी असते तर पहिल्यांदाच निघाले असते. त्या वेळी मिस्टर आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले होते. फुप्फुसे निकामी होत चालली होती. तिने आल्या दिवसापासून त्यांचे सगळे हातात घेतले. रोज सकाळी ती दाराशी जाऊन बोट बुडवायची, थेंब सांडू नये म्हणून दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरून आत यायची आणि त्यांच्या कपाळावर क्रूस काढायची. "गार आहे गं," ते म्हणायचे. रोज तेच, आणि रोज हसून.

माझी नणंद म्हणजे मिस्टरांची थोरली बहीण. त्यांना मी वन्सं म्हणते. पलीकडच्या गल्लीत राहतात, रोज यायच्या. एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "नवरा टाकून आलेली पोर घरात, आणि इकडं माझ्या भावाचा श्वास कमी होतोय. दोन्ही एकदम कसं गं?"

"वन्सं, श्वास सिगारेटींनी कमी झालाय. तुमच्या गॅलरीत बसूनच ओढायचे."

"तुला सगळं हसण्यावारी न्यायचं असतं."

मी हसत नव्हते.

चर्चमधल्या वेदीवरची कापडे मी दुकानात धूत नाही. घरीच, वेगळ्या बादलीत धुते आणि पुढच्या खोलीत इस्त्री करते. त्या दिवशी ती टेबलावर पसरलेली होती आणि शेजारी भोकांच्या झाकणाची बाटली होती. मुलगी औषध आणायला खाली गेली होती. मी आत मिस्टरांची चादर बदलत होते. वन्संनी वेदीची कापडे पाहिली, शेजारची बाटली पाहिली, आणि ती पवित्र पाण्याचीच असणार असे ठरवून उचलली.

मोठ्याने प्रार्थना ऐकू आली म्हणून मी बाहेर आले. माझ्या मुलीच्या अंथरुणावर, तिच्या बॅगेवर, तिच्या चपलांवर शिंपडून वन्सं उंबऱ्यापाशी पोहोचल्या होत्या आणि आतून बाहेर फेकत होत्या. मुलगा खुर्चीत बसून फोन बघत होता. आत्या खुर्चीखाली शिंपडायला वाकली तेव्हा त्याने काय केले असेल, तर पाय वर घेतले. मुलाने हे वाक्य दोनदा वाचावे.

तेवढ्यात मुलगी दारात आली. थेंब तिच्या अंगावर, तोंडावर पडले.

"आत्या, हे काय करताय?"

"तुझ्यावर नाही गं. तुझ्या मागून जे घरात आलंय, त्याच्यावर."

तिने भावाकडे पाहिले. तो म्हणाला, "म्हातारी माणसं आहेत, जाऊ दे ना."

तिने बाहीने तोंड पुसले, औषधाची पिशवी माझ्या हातात दिली, गोळ्या कोणत्या वेळी द्यायच्या ते सांगितले आणि बॅग भरली. मी तिचा दंड धरला. ती म्हणाली, "आई, मी राहिले तर रोज हेच होणार, आणि बाबा आत पडून ऐकणार."

दार वाळले तेव्हा त्यावर पांढरे ठिपके उमटले. झाले. वन्संनी जिन्यावरच्या सगळ्या बायका बोलावल्या. "बघा, जिथं जिथं वाईट होतं, तिथं तिथं उमटलं."

मी सगळ्यांसमोर सांगितले, "वन्सं, ती खळ आहे. वेदीच्या कापडांसाठी केलेली."

"पाणी ते पाणी. मनात श्रद्धा लागते."

मी ओले फडके आणून दार पुसले. ठिपके गेले.

"बघा," त्या बायकांना म्हणाल्या, "निघालंसुद्धा."

मुलीने त्या रात्री व्हिडिओ कॉल केला, तेव्हा तिच्या काळ्या ड्रेसवरही ते ठिपके होते. ती ते नखाने खरवडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टरांच्या कपाळावर मी क्रूस काढला. ते म्हणाले, "हे तिचं बोट नाही." मग ते रोज दाराकडे बघत राहायचे. ती पोहोचायच्या आत ते गेले. दफनाच्या वेळी पेटीवर शिंपडायच्या पाण्याचे भांडे वन्संनी धरले होते. एकेक जण पुढे जाऊन शिंपडत होता. माझी मुलगी दफनभूमीच्या फाटकाशी उभी राहिली आणि तिथूनच परत गेली. स्वतःच्या बापाच्या पेटीवर तिला एक थेंब टाकता आला नाही.

मी फादरांकडे गेले. ते म्हणाले, "झालं ते झालं. मनात ठेवू नका." मनात ठेवले नाही, फादर. कागदावर ठेवले.

लहानपणी आपल्या डोक्यावर पाणी ओतून आपल्याला आत घेतले होते, त्याची आठवण म्हणून ते बोट रोज बुडवायचे असते. मला तरी असेच शिकवले आहे. माझ्या घरात त्याच पाण्याच्या नावाने माझ्या पोरीला फिनाइल टाकून झुरळ काढावे तसे बाहेर काढले. बाटलीत खळ होती, हे त्यातल्या त्यात बरे. पवित्र पाण्याला तरी त्या कामाला जावे लागले नाही.

कलम ५. वन्संना

माझी तपकिरी लोकरीची शाल त्यांना द्यावी. थंडीत त्यांचे गुडघे धरतात आणि त्यांच्याकडची शाल विरली आहे. शालीबरोबर खळीची एक भरलेली बाटली द्यावी. तिच्यावर मोठ्या अक्षरात 'खळ' असे लिहिलेले असावे.

कलम ६. माझे दफन

पेटी साधी असावी. माझ्या अंगावर निळी साडी, तिला खळ नको.

पाण्याचे भांडे माझी मुलगी धरेल. दुसरे कोणी धरणार नाही. फादरांनी सुचवले तरी नाही. पाणी दाराजवळच्या वाटीतूनच घ्यावे. ज्याला माझ्या पेटीवर शिंपडायचे असेल त्याने तिच्यासमोर जावे, तिच्या हातातल्या भांड्यात बोटे बुडवावीत आणि मग माझ्याकडे यावे. हे वन्संनाही लागू आहे. त्यांना ते जड वाटले तर फाटकाशी जागा आहे. मी मात्र त्यांची वाट पाहीन, हे त्यांना सांगावे.

मुलाने पेटीला खांदा द्यावा. आणि बहीण दारात आली की या वेळी उठून उभे राहावे.

कलम ७. अंमलबजावणी

हे सर्व वकीलबाईंनी पार पाडावे.

माझी मुलगी अजूनही मला भेटायला येते. बाजारात मिळते ते सगळे घेऊन येते, माझी नखे कापते, चष्मा पुसून देते. पण आत येताना हात ड्रेसच्या खिशात घालते आणि वाटीसमोरून तशीच पुढे जाते. जातानाही तसेच. मी दरवेळी तिच्या खिशाकडे बघते, आणि मी बघते हे तिला कळते. घर तिच्या नावावर झाल्यावर पहिल्या दिवशी तिने वाटीत बोट बुडवलेच पाहिजे, अशी अट घालू का, असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "लिहा हवं तर, पण ते तपासायला कोण येणार?" मी अट खोडली. पाण्याने जशी बाहेर काढली, तशी अटीने तिला आत आणता येत नाही.

म्हणून एवढेच लिहिते. मी गेल्यापासून मुलगी किल्ली घेऊन येईपर्यंत मावशींनी रोज वर यावे आणि वाटी भरलेली ठेवावी.

सही
(हात कापतो म्हणून थोडी वाकडी, पण माझीच)

साक्षीदार:

१. तळमजल्यावरचा शिंपी. माझ्यासमोर सही केली. बाई शुद्धीत आहेत. सही करता करता माझ्या बाहीची शिवण तिरकी आहे असेही म्हणाल्या.

२. समोरच्या दारातली दातांची डॉक्टर. माझ्यासमोर सही केली. मी त्यांच्या धर्माची नाही. आत येताना वाटीला हात लावू का, असे विचारले, तर म्हणाल्या, "विचारतेस काय? दारातच तर टांगलीय."

स्थळ: राहते घर, पुढची खोली, दार उघडे ठेवून
दिनांक: नऊ ऑक्टोबर, शुक्रवार