चारदा हो म्हटलेली पत्रिका

बपेरा
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

चि. कामिनीस आजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नको, कोणी मेलं नाही. मेला तो माहा फोन, अन् त्याले मीच मारला. आता तो धानाच्या ढोलीत तळाशी आहे, वरून दोन पोते धान ओतलं. तुहा पत्ता दिवाळीच्या साडीच्या खोक्यावर सापडला. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नको.

झालं असं. मंगळवारी दुपारी धान चुरणाऱ्या बायांले चहा देऊन मी खाटेवर पडली, तर फोनात धनीरामच्या नावाने लग्नाची पत्रिका आली. धनीरामच्या तिन्ही पोरींचे लगन झाले, तो स्वतः सत्तर वर्षांचा. मले वाटलं, म्हातारा दुसरं करून राहिला. अशी पत्रिका कोण न उघडता ठेवीन? मी बोट ठेवलं. तर फोन विचारते, याले आत घेऊ का. म्हटलं हो. तुमचे निरोप याले वाचू देऊ का. हो. तुमच्याकडचे नंबर पाहू देऊ का. हो. आणखी एक विचारलं, तेव्हा चष्मा नव्हता, त्यालेही हो. पत्रिका घेऊन दारात आलेल्याले आपल्यात कोणी नाही म्हणते का? पाट टाकाचा, पाणी द्याचं, कुंकू लावून घ्याचं, अन् येतो म्हणाचं. एवढं करूनही पत्रिका उघडली नाही. एक गोल फिरत राहिला, घाण्याच्या बैलासारखा. तो पाहता पाहता माहा डोळा लागला.

उठली तर शेजारची पार्वताबाई आंगणात उभी, हातात आहेराचा स्टीलचा डबा. विचारते, कोणाचं लगन काढलं वं, अन् मले आधी काहून नाही सांगितलं. तिच्या मागे भोजराज, त्याच्या मागे अर्धा मोहल्ला. माह्या फोनाने माह्या नावाने दोनशे चाळीस घरी पत्रिका वाटल्या होत्या, मी झोपली होती तेवढ्या वेळात. माह्या लगनात हेच काम कराले सासऱ्याले बैलबंडी घेऊन महिना लागला होता. मी म्हटलं, घरात लगनच नाही. तर भोजराज म्हणाला, आम्हाले टाळाचं असन म्हणून नाही म्हणून राहिली, अन् अक्षता न देता बोलावणं ही कोणती रीत. तो अजून रुसून आहे. पार्वताबाईने डबा परत नेला, झाकण मात्र इथंच राहिलं.

सगळ्यांनी आपापल्या घरी चारदा हो म्हटलं अन् तोच गोल फिरवला. तुह्या बापानेही. आपल्याच घरच्या लगनाची पत्रिका, आपल्याच मायच्या नावाने आलेली, सोमाजीने उघडली. मले विचारलं नाही. मी बाजूच्या खाटेवर होती.

इथपर्यंत मी कोणाले काही लिहिलं नसतं. पण पत्रिका मोहाडीलेही गेली, गोदावरीबाईच्या फोनात. तिच्या नातवाची, प्रविणची अन् तुही सुपारी फोडाले ते लोक तीस तारखेच्या रविवारी येणार होते. आता तिने भाजीवाल्याच्या हाती निरोप पाठवला, की पोरीचं दुसरीकडे जमलं तर जमलं, वरून पत्रिका पाठवून आम्हाले चिडवाची गरज नव्हती, आम्ही येत नाही. तू तर जाताना सांगून गेली होती की पोट्टा बरा आहे, आता दुसरी जागा पाहू नका. तुह्या तोंडून कोणाले बरं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणून लिहून राहिली. काय कराचं ते कळवजो. फोन करू नको, गावात कोणाचाच धड नाही.

लोभ आहे तेवढा सांभाळजो, वाढवला तरी मले चालते.

तुही आजी
आनंदाबाई

*

नागपूर
मंगळवार, २५ नोव्हेंबर

ती. आजीस कामिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उभ्यानेच वाचलं. चार दिवस तुमचे सगळे फोन बंद लागत होते, मला वाटलं लाइट गेली असेल.

आजी, ती पत्रिका नव्हती. पत्रिकेचं नाव लावलेलं एक अ‍ॅप होतं. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असं असणार. तू त्याला आत घेतलंस, आता ते तुझे निरोप वाचतं, म्हणजे बँकेचे ओटीपीसुद्धा. एवढं लक्षात ठेव, की खरी पत्रिका म्हणजे चित्र असतं. चित्र नुसतं दिसतं, ते आत येऊ का विचारत नाही. जे विचारतं त्याला नाही म्हणायचं, मग ते कोणाच्याही नावाने येवो. धनीराम आबांनी काही पाठवलं नाही, त्यांचाही फोन तुझ्यासारखाच फसला. दिवाळीत मी हे तीनदा सांगितलं होतं आणि तू तिन्ही वेळा मला करंजी दिलीस.

ढोलीत पुरून उपयोग नाही. बॅटरी आहे तोवर तो आतूनही पत्रिका वाटेल. आधी बाहेर काढून बंद कर आणि सिम काढ. बाबांना घेऊन बँकेत स्वतः जा, खातं थोडे दिवस थांबवायला सांग. १९३० नंबरवर तक्रार द्या. मग तुमसरला दुकानात फोन पूर्ण कोरा करून घे, आणि ते तुझ्यासमोर करायला लाव. फोटो जातील, जाऊ दे. गावात ज्यांनी ज्यांनी हो म्हटलं त्या सगळ्यांना हेच करायला सांग. तुझं ऐकतील, घाबरतात तुला. आणि फोन उघडायचा आकडा तू दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवला आहेस, तो पूस.

आता दुसरं. त्या लोकांनी येत नाही म्हटलं हे वाचून मला जेवण गेलं नाही. ते बघायला आले होते तेव्हा मी प्रविणच्या पायावर गरम चहा सांडला होता, तुला कोणी सांगितलं नाही. तो ओरडला नाही. मला बोलणी बसू नयेत म्हणून नुसता अंगठा हलवत बसला आणि चहा छान झाला म्हणाला. त्याचा नंबर तुझ्याच फोनात होता, माझ्याकडे नाही. असता तरी त्या निरोपानंतर मी कुठल्या तोंडाने फोन करू? आजी, तू काहीतरी कर. फक्त भांडू नको.

तुझ्या लोभात आणि तुझ्या शिव्यांत मला राहू दे.

तुझी
कामिनी

*

बपेरा
शनिवार, २९ नोव्हेंबर

श्रीमती गोदावरीबाईंस बपेऱ्याच्या आनंदाबाईचा स. न. वि. वि.

हे पत्र मोहाडीच्या बाजाराले येणाऱ्या श्यामरावच्या हाती देऊन राहिली. माही नात म्हणते भांडू नको, म्हणून भांडत नाही, नुसतं विचारते.

तुमच्या घरी कोणाचं लगन आहे? शहापूरचा माहा भाऊ सुखराम सांगून राहिला, की मागच्या हप्त्यात मंगळवारी त्याले माह्या फोनावरून पत्रिका आली अन् बुधवारी तशीच पत्रिका तुमच्या फोनावरून आली. म्हणजे तुम्हीही पत्रिका उघडली अन् तुम्हीही चारदा हो म्हटलं. चष्मा लावून म्हटलं की बिनचष्म्याचं, ते कळवा. माहा चौथा हो बिनचष्म्याचा होता, तेवढी माफी मले मिळाली पाहिजे.

त्या पत्रिकेत लगन नव्हतं, चोर होता. आपल्या नावाने तो घरोघरी गेला. तुम्ही फोन बंद करा, सिम काढा, बँकेत जा, फोन दुकानात नेऊन समोर बसून कोरा करून घ्या. मी गावात एकसष्ट फोन कोरे करून आणले. सोमाजीच्या ट्रॅक्टरवर फोन अन् फोनाचे मालक भरून तुमसरले नेले. दुकानदार मले पाहून शटर ओढून राहिला होता.

आता कामाचं. पोरीचं दुसरीकडे कुठंही जमलं नाही. तिनं मले सांगितलं की प्रविण बरा आहे, दुसरी जागा पाहू नका. हे मी कोणाले सांगितलं नसतं, तुमच्या रागापायी सांगावं लागलं. तुम्हाले नाही म्हणाचं असन तर माह्या नातीकडे पाहून म्हणा, फोनाकडे पाहून म्हणू नका.

राग धुऊन टाकावा, लोभ तेवढा वाळत घालावा.

आनंदाबाई

*

मोहाडी
सोमवार, १ डिसेंबर

श्रीमती आनंदाबाई यांसी गोदावरीबाईचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. अक्षर माह्यापेक्षा वाईट आहे, हे पाहून बरं वाटलं.

हो, मी चष्मा लावून चारदा हो म्हटलं. रागातच म्हटलं. म्हटलं पाहू तर द्या, आमच्या प्रविणपेक्षा कोणता राजकुमार भेटला यांले. मग माह्या फोनानेही मोहाडीपासून गोंदियापर्यंत पत्रिका वाटली. माह्या पोरीच्या सासरचे दुसऱ्या दिवशी भांडाले आले, की प्रविणचं लगन काढलं अन् आम्हाले विचारलं नाही. मी नाही नाही म्हणून थकली.

त्यात तुमचे अन् आमचे पाहुणे निम्मे एकच. त्यांले दोन्ही घरून एकच पत्रिका आली. तुमचा सुखराम सगळ्यांले सांगत फिरून राहिला, की पोरगी तिकडची, पोरगा इकडचा, तारीख तेवढी उघडाची राहिली. माह्या भावाने नवरदेवासाठी कापड घेतलं, ते फाडलं, ते दुकानदार परत घेत नाही.

एक गोष्ट मले सांगाची नव्हती, पण तुम्ही पोरीचं सांगितलं म्हणून सांगते. घरात पत्रिका उघडली नाही ती एकट्या प्रविणने. त्याचं तहसीलच्या बाजूले झेरॉक्सचं दुकान आहे, पत्रिका छापणं त्याचं रोजचंच काम. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, ही पत्रिका नाही, आजी, फोन बंद कर. मले वाटलं पोट्टा दुःखात बरळून राहिला. मग तो बपेऱ्याले फोन लावत बसला, दिवसातून वीसदा, सगळे बंद. शेवटी मोटरसायकल काढून निघाला, तर मी किल्ली लपवली. म्हटलं, ज्यांनी पोरगी दुसऱ्याले दिली त्यांच्या दारात कायले जातं. तेव्हापासून माह्या हातचं जेवतो पण बोलत नाही.

किल्ली आज दिली. सात तारखेच्या रविवारी आम्ही नऊ माणसं येतो. पोरीले बोलावून घ्या. चहा दुसऱ्या कोणाच्या हाती द्या, प्रविणचा अंगठा आत्ताच बरा झाला.

लोभ धरावा, सोडाची घाई करू नये.

गोदावरीबाई

*

बपेरा
शनिवार, २४ जानेवारी २०२६

चि. कामिनीस आजीचा आशीर्वाद. वि. वि.

फोन असून मी पत्र काहून लिहिते हे तू विचारलं म्हणे तुह्या बापाले. ऐक. कोरा होऊन आल्यापासून फोन जे विचारते त्याले मी नाही म्हणते. परवा विचारत होता, बोलण्यासाठी माइक वापरू का. नाही म्हटलं. तेव्हापासून तुहा आवाज मले येते, माहा तुले येत नाही. मले काही अडचण नाही. तू सांगजो, मी ऐकते, उत्तर पोस्टाने येईन.

सुपारी झाली त्या दिवशी तुम्ही दोघं तलावाच्या पाळीवर दोन तास बोलत बसले. काय बोलले ते मी विचारलं नाही. पार्वताबाईने विचारलं, तिले मी सांगितलं की एकमेकांचे पासवर्ड विचारून राहिले. तू परत आली तेव्हा मोहाडीवाल्यांसमोर आपल्या तोंडाने हो म्हटलं, एकदाच अन् मोठ्याने, कोणी ढोसलं नव्हतं. मले तेवढं पुरे.

आता आठ फेब्रुवारीच्या पत्रिकेचं ऐक. प्रविणने पत्रिका चांगल्या छापल्या, जाड कागद आहे. मी अन् सोमाजी हळद, कुंकू, अक्षता घेऊन घरोघरी निघालो. पण दोन महिने या गावाले मीच शिकवलं, की लग्नाची पत्रिका उघडाची नाही, माह्या नावाने आली तरी नाही. लोकांनी चांगलंच पाठ केलं. पार्वताबाईने कुंकू लावून घेतलं, पाणी दिलं, अन् पाकिटाले हात लावाले तयार नाही. विचारते, यात काही विचारत तर नाही ना. धनीरामने पाकीट काठीने उलटं करून पाहिलं. भोजराजने अक्षता घेतल्या, रुसवा सोडला, पण म्हणाला, तुम्हीच उघडा अन् तुम्हीच वाचा, मी इथून ऐकतो. चौदा घरी मी उभी राहून पूर्ण पत्रिका वाचली, आमचे येथे श्री कृपेकरून पासून प्रेषकापर्यंत. घसा बसला. एकाही घरी कोणी लगनाले येतो म्हटलं नाही. सगळे म्हणतात, विचार करून कळवतो.

मी त्यांले खूप बोलली. घरी आली तर मोहाडीहून गोदावरीबाईची पत्रिका पोस्टाने येऊन पडली होती. अक्षर तिचंच आहे, तेवढं वाईट दुसऱ्या कोणाचं नाही. लगन आपल्याच घरचं, नवरी तू, तारीखही मले पाठ आहे. पाकीट उखळावर ठेवलं आहे, तीन दिवस झाले. श्यामरावच्या हाती गोदावरीबाईले विचारून पाठवलं, की तुम्हीच पाठवली का. तिचं उत्तर आलं की उघडते.

तू सुट्टी काढून लवकर येजो. येताना दारातून आधी आवाज देजो.

लोभ तुह्यावर आहे, आता अर्धा प्रविणलेही देईन म्हणते, पण त्याने मागितला पाहिजे.

तुही आजी
आनंदाबाई