लव्हेलनं पाद्रीबाबांना बसू दिलं नाही

डेट्रॉइट, ४ मार्च १९७८

ती. आजीस, लव्हेलचा सा. न.

बँड सोडला. आमचा म्होरक्या कॅप्टन म्हणाला, तुझी बेस गिटार माझ्या गाण्याच्या पुढं पळते. मी म्हटलं, मग तूही पळ की जरा! आता त्यानं सगळीकडं सांगितलंय, या पोराला कुणाच्या मागं राहून वाजवता येत नाही. कुणी बोलावत नाही. तू म्हणतेस तर पुढच्या रविवारी तुमच्या चर्चमध्ये वाजवतो. पाद्रीबाबांनी ठेवून घेतलं तर डेटनलाच राहीन, नाहीतर कॅप्टनचे पाय धरायचे.

तुझा लव्हेल

डेटन, १४ मार्च

चि. लव्हेलास, आजीचा गोड पापा.

तू बसमध्ये बसलास आणि इथं गहजब! अरे, ती चमकीची तंग पँट! आखूड झग्याच्या पोरींच्या गुडघ्यांवर टाकायचं कापड चर्चमधल्या अर्लीननं तुझ्या मांडीवर टाकलं, आणि तू वर तिचे आभार मानलेस! मी हसू दाबता दाबता टोपी पाडली. जांभळी, नवी. असो.

काल चर्चची बैठक झाली. पाद्रीबाबा फुणफुणत होते. म्हणाले, माझं आमेन या पोरानं पळवलं. मी प्रवचन संपवून बसलो की हा खालून डुंग करतो, आणि मला पुन्हा उठावं लागतं. खरंच रे, दुपार कलली, माझी चुलीवरची चवळी करपली. पण गुडघा दुखतो म्हणून बसून राहणारा टॉलिव्हर म्हातारा नाचला की!

मग मी उभी राहिले. म्हटलं, पाद्रीबाबा, पोरगा तुमच्या मागंच होता, थांबत तुम्हीच नव्हता! सगळ्यांत मोठ्यानं त्यांची बायकोच हसली. मग काय, ठेवलं तुला! अट एकच, त्यांनी रुमालानं तोंड पुसलं की तारांवरचा हात काढायचा.

आज कॅप्टनचा फोन आला होता, तू इथंच आहेस असं समजून. म्हणाला, माफ केलं, पाठवून द्या. मी म्हटलं, पोरगा मोठा झालाय, त्यालाच विचारा. आता तूच ठरव, बाबा. मी गप्प. म्हणजे जमेल तेवढी.

माया आहेच, पण नीट जेवतही जा.

आजी

डेट्रॉइट, १७ मार्च

ती. आजीस सा. न.

कॅप्टनला नाही म्हणून सांगितलं. इतकी वर्षं लोक त्याच्या कॅप्टनच्या टोपीकडं बघत नाचले. तुमच्याकडं डोळे मिटून नाचले. पुढच्या शनिवारी सामान घेऊन येतो. माझा मोठा स्पीकर मागच्या खोलीच्या दारातून जायचा नाही. मामाला सांग, दार काढून ठेव.

लव्हेल